आतून लख्ख

जगात तुंबलेली अशी एकही वस्तू नाही जी आपल्याला मोकळी करता येणार नाही, हे नळमामाचं ठाम मत होतं. आणि खरं सांगायचं तर पाच मजल्यांच्या त्या अख्ख्या इमारतीचंही तेच मत होतं. सिंक तुंबलं की नळमामा. बेसिन तुंबलं की नळमामा. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंच्या मुलाची बढती अडकली, तेव्हा त्यांनीसुद्धा सवयीनं आधी नळमामाचंच दार वाजवलं होतं म्हणे! तो हत्यारांची पिशवी घेऊन यायचा, पाइपाला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, पहिल्या मजल्याच्या वळणापुढे वीतभर, चहाची पत्ती. उघडून बघावं तर वळणापुढे वीतभर, चहाचीच पत्ती.

असा हात बसलेल्या माणसानं आपलं पाइपापुरतं बघावं की नाही? पण आयुष्यभर पाइपात डोकं घातलं की हळूहळू माणसाला सगळं जगच पाइप दिसायला लागतं. त्यात नळमामाला मेहुणा होता.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हा गृहस्थ नोकरी करायचा नाही, एजन्सी घ्यायचा. आधी पाणी वाचवणाऱ्या नळांची घेतली, मग वास न येणाऱ्या मोज्यांची, आणि आता पोट साफ करणाऱ्या एका पावडरीची. पावडरीचं नाव ‘आतून लख्ख’. खोक्यांची चळत बहिणीच्या घरात रचून तो चहा पिऊन चालता झाला, आणि नळमामानं सहज म्हणून एक खोकं उचललं. त्यावर चित्र होतं. डावीकडे आतून काळाकुट्ट थर धरलेली नळी, उजवीकडे तीच नळी चकचकीत. खाली लिहिलं होतं की वर्षानुवर्षांचा मळ तुमच्या आतड्यांना चिकटून बसला आहे.

नळमामाला दरदरून घाम फुटला. अगदी असाच पाइप त्यानं नुकताच एका खानावळीतून कापून काढला होता! आत चरबीचा इतका थर की करंगळी जाईना. आणि ती खानावळ तशी नवीच. आपण तर पन्नाशी ओलांडली, आणि आपला पाइप जन्मापासून एकदाही कुणी उघडलेला नाही! त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. प्रत्येक घास आत जाऊन नेमका कुठे चिकटणार, हेच त्याच्या डोळ्यांपुढे नाचत राहिलं.

त्याच्या बायकोला मात्र त्या दिवसांत पोटाचा विचार करायला सवड नव्हती. तिला सगळी इमारत मामी म्हणायची. मामीनं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या सलूनमध्ये, दुसऱ्यांच्या खुर्च्यांमागे उभं राहून काढलं होतं. आता कुठे तळमजल्यावरचा, त्यांच्या घराला लागून असलेला रिकामा गाळा तिला स्वतःच्या सलूनसाठी मिळत होता. मिळत होता म्हणजे सोसायटीचे चिटणीस मिळू देत होते. हे चिटणीस बँकेतून निवृत्त झालेले, पण फक्त बँकेतून. साहेबीतून त्यांना कुणी निवृत्त केलं नव्हतं. केस हा पाइपाचा वैरी आहे, सलून आलं की इमारत तुंबलीच समजा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मोठ्या मिनतवारीनं त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर. इमारतीचा सांडपाण्याचा पाइप एकदा जरी तुंबला, तरी सलून त्याच दिवशी बंद.

मामीनं अट मान्य केली. तिनं नवऱ्याकडून बेसिनखाली एकावर एक जाळ्या बसवून घेतल्या, फरशीतल्या भोकालाही जाळी लावून घेतली, आणि वर बजावलं की एक केस जरी खाली गेला तर मी तुम्हाला घरात घेणार नाही. तिच्या आवाजावरून ती थट्टा करत नव्हती हे नळमामाला बरोबर कळलं.

परवानगी मिळाल्यावर नळमामाला आनंदाचं भरतं आलं. इमारतीनं आपल्या बायकोला एवढं दिलं, मग आपण इमारतीला काय द्यावं? उत्तर तर घरात छतापर्यंत रचून ठेवलेलंच होतं. घरटी एक खोकं, नळमामाकडून सप्रेम भेट!

नुसतं खोकं हातात ठेवून तो परत आला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण त्यानं खानावळीतून कापलेला तो पाइपाचा तुकडा बरोबर घेतला होता. दार उघडलं की तो थेट आत जायचा, तुकडा जेवणाच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, “हे तुम्ही.” समोरचा माणूस पांढराफटक पडला की मग प्रात्यक्षिक. ग्लासभर पाणी, दोन चमचे पावडर, भराभर ढवळायचं आणि घट्ट व्हायच्या आत एका दमात संपवायचं. आठवडाभर असं केलं की आतला जुनाट थर सुटून रबरी पट्टीसारखा बाहेर पडणार, असं खोक्यावर छापलेलंच होतं.

नाही म्हणाल्या त्या एकट्या तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर. इस्पितळातून काम करून आलेल्या, डोळ्यांवर झोप. मामी तेव्हा नवऱ्याच्या मागे खोकी धरून उभी होती. सिस्टरनी खोकं उलटं केलं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि शांतपणे सांगितलं की मामा, यात इसबगोलाचा भुसा आणि एक प्रकारची माती आहे, दोन्ही पाण्यात फुगतात. आतडं म्हणजे लोखंडी पाइप नव्हे. त्याचं आतलं अस्तर दर थोड्या दिवसांनी आपलं आपणच नवं होतं, तिथे थर धरायला काही टिकतच नाही. पोटाला काही द्यायचंच असेल तर भाज्या द्या, पाणी द्या आणि रोज जरा फिरवून आणा. नळमामानं त्यांना मोठ्या मनानं माफ केलं. बाई शिकलेली होती, हुशार होती, पण बिचारीनं जन्मात कधी खानावळीचा पाइप कापला नव्हता.

बाकी सगळ्यांनी मुकाट्यानं खोकं घेतलं. घेणार नाहीत तर काय करतील? नळमामा हा बोलावल्याबरोबर येणारा प्लंबर होता. बोलावल्याबरोबर येणारा प्लंबर म्हणजे काय चीज असते, हे पाहुणे जेवायला बसलेले असताना ज्याचं सिंक उलटं वाहिलंय त्यालाच विचारा. त्याचं मन मोडायची छाती कुणाला होणार?

आणि दुसऱ्या दिवसापासून चौकशी सुरू झाली. जिन्यात, फाटकात, कचऱ्याच्या डब्याशी, दिसेल त्याला नळमामा अडवायचा. घेतलं का? घेतलं, घेतलं. मग, हलकं वाटतंय? वाटतंय म्हणजे काय, अगदी हवेत तरंगल्यासारखं वाटतंय! एका गृहस्थांनी तर आपली दृष्टीसुद्धा सुधारल्याचं सांगितलं. नळमामा खूश. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, त्याला बघून जिन्यात मागे फिरायला लागले, तेव्हासुद्धा त्यानं याचा अर्थ लावला तो एवढाच, की पावडरीनं मास्तरांना भलताच वेग आलाय.

त्याच्या स्वतःच्या घरात रोज सकाळी दोन ग्लास भरले जायचे, एक त्याचा आणि एक मामीचा. तो डोळे मिटून, नाक दाबून, घटाघटा प्यायचा. पोट टम्म फुगलं होतं. पट्ट्याचं शेवटचं भोक आलं. आतून असले आवाज यायचे की गिऱ्हाइकं स्वतःचाच पाइप फुटला समजून घाबरायची. पण नळमामा डगमगला नाही. थर सुटायला लागला की पाइपसुद्धा आधी बोलतो, असं तो अनुभवानं जाणून होता.

आणि एके दिवशी सकाळी खरोखर ती पट्टी बाहेर पडली! लांब, करडी, रबरी, हुबेहूब खोक्यावर वर्णन केल्यासारखी. नळमामाला भडभडून आलं. पन्नास वर्षांचा मळ! ही बातमी पोटात ठेवणं शक्यच नव्हतं, तशीही पोटात आता जागा कुठे होती? तो तडक मास्तरांकडे गेला. मास्तर नाश्त्याला बसले होते, टोस्टचा तुकडा तोंडापाशी पोचला होता. नळमामानं दोन्ही हात पसरून लांबी दाखवली, मग रंग सांगितला, मग ताणल्यावर काय होतं तेही सांगितलं. मास्तरांनी टोस्ट खाली ठेवला आणि त्याच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

मास्तरीणबाई स्वभावानं फार भिडस्त. समोरचा एवढ्या उत्साहानं सांगतोय आणि आपल्याकडे काहीच नाही, हे त्यांना कसंसंच वाटलं. त्या चाचरत म्हणाल्या की यांचंसुद्धा झालं, कालच. नळमामानं लगेच विचारलं, “केवढं?” आता काय सांगणार? बाईंनी घाईघाईत कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

झालं! नळमामा तिथून निघाला तो थेट चिटणीसांकडे. मास्तरांचं हातभर निघालं म्हणताच चिटणीसांच्या कपाळावर आठी चढली. मास्तरांच्या मागे राहणं हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. आमचं दोन हात, ते म्हणाले. मग चौथ्या मजल्यावर अडीच, पाचव्या मजल्यावर चांगलं पुरुषभर! पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी तर आपल्या पट्टीत लहानपणी गिळलेलं बटण सापडल्याचं सांगितलं. त्या आठवड्यात लोकांनी जेवढं निघाल्याचं सांगितलं तेवढं एकाला एक जोडलं असतं, तर इमारतीला वेढा घालून वर गाठ मारता आली असती. नळमामा घरी येऊन बायकोला म्हणाला की अगं, आपण एवढी वर्षं लोकांचे पाइप धूत बसलो, खरं काम तर आत्ता केलं. मामी आरशाला फडकं मारत होती. ती नुसतं बरं म्हणाली.

अखेर सलूनचा पहिला दिवस उजाडला. मामीनं दोन खुर्च्या, दोन आरसे, मागे डोकं टेकवून धुवायचं बेसिन, टॉवेलांच्या घड्या, सगळं कसं झकपक मांडलं होतं. पाटी लावली होती. नवी साडी नेसून ती दारात उभी राहिली, तेव्हा नळमामाला ती लग्नातल्यापेक्षा सुंदर दिसली, आणि त्यानं तसं तिला सांगितलंही. चिटणीस प्रमुख पाहुणे म्हणून नवे बूट घालून आले. पहिलं गिऱ्हाईक होण्याचा मान मास्तरीणबाईंना. त्या बेसिनवर डोकं टेकवून बसल्या, मामीनं शाम्पू चोळला, भरपूर फेस केला, आणि नळ सोडला.

पाणी गेलं नाही. ते बेसिनमध्ये थांबलं, जरा विचारात पडल्यासारखं दिसलं आणि मग चक्क वर यायला लागलं. मामीनं नळ बंद केला तरी येतच राहिलं. वर कुणीतरी भांडी घासत होतं, त्यांचं सगळं पाणी खाली येऊन पुढे वाट नाही म्हणून मामीच्या बेसिनमधून डोकं वर काढत होतं. मग फरशीतल्या भोकातूनही गुडगुड करत करडं पाणी बाहेर आलं, आणि चिटणीसांच्या नव्या बुटांना येऊन भिडलं.

सगळ्यांनी नळमामाकडे बघितलं. तो धावत भिंतीपाशी गेला, पाइपाला कान लावला, डोळे मिटले. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही सांगता येईना. गुडगुड ऐकू येत होती, चांगली खणखणीत येत होती, पण ती पाइपातून येतेय की आपल्याच पोटातून, हेच त्याला कळेना!

चिटणीसांनी बूट झटकले. माणूस तसा वाईट नव्हता, पण अट म्हणजे अट. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मी आधीच म्हणालो होतो, पहिल्याच डोक्याच्या केसांनी घात केला, आता ठरल्याप्रमाणे पाटी उतरवा. मामी रडली असती, भांडली असती, तर नळमामाला बरं वाटलं असतं. पण तिनं खुर्चीवरचा टॉवेल उचलला, त्याची घडी घातली, मग तीच घडी मोडून पुन्हा घातली. हे सलून गेलं तर ही बाई पुन्हा दुसऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहील आणि आपल्याला कधी काही बोलणार नाही, हे नळमामाला लख्ख दिसलं.

तो चिटणीसांपुढे हात जोडून उभा राहिला. “साहेब, आधी पाइप उघडू द्या. आत केसांचा पुंजका निघाला तर पाटी मी माझ्या हातानं उतरवतो.”

सगळी वरात इमारतीच्या मागे गेली. बोलावलं नव्हतं तेही गच्च्या आणि खिडक्या सोडून खाली आले, आणि डोक्यावर फेसाचा डोंगर घेऊन मास्तरीणबाईसुद्धा आल्या. मागच्या भिंतीवरून दोन पाइप खाली उतरत होते, एक जाड आणि एक बारीक. बारीक पाइपाच्या तळाशी, वळणावर एक झाकण होतं. नळमामानं गुडघे टेकले, पेच सोडवले आणि झाकण काढलं. हात आत घालताना त्याचा जीव खालीवर होत होता. जाळ्या त्यानं स्वतः बसवल्या होत्या. केस निघाला तर तो त्याचाच गुन्हा होता.

हाताला काहीतरी मऊ, बुळबुळीत लागलं. त्यानं ओढलं. ते आलं. आणखी ओढलं, आणखी आलं. करडं, लांबलचक, रबरासारखं, ताणलं की ताणलं जाणारं. मागे उभे असलेले लोक एकेक पाऊल आणखी मागे सरकले. नळमामानं ते उन्हात धरून उलटसुलट बघितलं. एकही केस नव्हता.

पण ती वस्तू त्यानं लगेच ओळखली. ओळखणार नाही तर काय, त्याच्या आयुष्यातला एवढा मोठा क्षण होता तो! क्षणभर त्याला आदरच वाटला. मग त्यानं मान वर करून जाड पाइपाकडे बघितलं, मग बारीक पाइपाकडे, मग पुन्हा जाड पाइपाकडे, आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

चिटणीसांनीही ओळखलं होतं. सगळ्यांनीच ओळखलं होतं. पण चिटणीस बँकेत मुरलेले, ते एवढ्यानं अडतात होय! त्यांनी घसा साफ केला आणि समजावून सांगितलं की हा आम्हा रहिवाशांचा जुना मळ आहे, मामांच्या कृपेनं तो आमच्या आतड्यांतून निघाला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारीच आहोत. पण तो वाहून जायचा सोडून अडकला कशात? सलूनच्या केसांत. केस दिसत नाहीत म्हणजे ते आणखी आत आहेत. तेव्हा सलून बंद. आणि नवल म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या! आपण पावडर घेतलीच नव्हती असं नळमामाच्या तोंडावर सांगण्यापेक्षा मामीचं सलून गेलेलं त्यांना सोपं वाटत होतं.

एवढ्यात सिस्टर खाली आल्या. गलक्यानं त्यांची झोप मोडली होती. त्यांनी ती पट्टी बघितली, नळमामाच्या पिशवीतलं खोकं मागून घेतलं, मामीकडून एक ग्लास पाणी आणवलं, त्यात पावडर घालून ढवळली आणि ग्लास पायरीवर ठेवून दिला. थोड्या वेळानं त्यांनी ग्लास उपडा केला. पाणी पडलं नाही. त्यांनी चमच्यानं आतला गोळा उकरला आणि ओढला, तर तो लांब, करडा, रबरी होऊन बाहेर आला.

“मामा, याला पोट लागतच नाही,” सिस्टर म्हणाल्या. “याला फक्त पाणी लागतं.”

पन्नास वर्षांचा मळ म्हणून ज्याचे नळमामानं पाच मजल्यांवर गोडवे गायले, ती पावडरच होती! वरून घातली तीच खालून आली, आणि आपण मात्र हात पसरून लोकांना लांबी दाखवत फिरलो. धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं. पण मामी घडी घातलेला टॉवेल छातीशी धरून समोर उभी होती.

चिटणीस अजून हटले नव्हते. पावडर असेल हो, ते म्हणाले, पण ती आम्ही रोज इमानेइतबारे प्यायलो आहोत, एक थेंब सांडलेला नाही. जे काही गेलं ते आमच्या पोटातूनच गेलं.

“तेच मी म्हणतोय साहेब,” नळमामा उभा राहिला. पाइपाचा विषय निघाला की त्याचं डोकं आपोआप थाऱ्यावर यायचं. “पोटातून गेलं तर ते त्या जाड पाइपात जायला पाहिजे. तो संडासांचा. हा बारीक पाइप फक्त स्वयंपाकघरातल्या सिंकचा आणि बेसिनचा आहे. आता एक तर तुम्ही सगळ्यांनी पावडर सिंकमध्ये ओतली, नाहीतर...”

तो थांबला. पुढचं त्यालाच बोलवेना.

मागच्या अंगणात अशी शांतता पसरली की मास्तरीणबाईंच्या डोक्यावरचा फेस फुटल्याचा आवाज यावा. प्रत्येकानं आपल्या स्वयंपाकघरातलं सिंक डोळ्यांपुढे आणलं. मग शेजाऱ्याचं आणलं. मग सगळे एकमेकांकडे असे काही बघायला लागले की विचारू नका. पाचव्या मजल्यावरचे आजोबा तर आपोआप दोन पावलं बाजूला झाले, कारण सगळ्यात लांब पट्टी त्यांची होती.

“अहो, सांगून टाका की!” मास्तरीणबाईंचा बांध फुटला. त्यांनी मास्तरांचा दंड धरून हलवला. “माझ्या त्या सिंकमध्ये मी भाज्या धुते! लोक काय समजतील?”

मास्तरांनी मान खाली घालून सांगितलं की रोज ओतत होतो. त्यांचं संपायच्या आत चौथ्या मजल्यावरून आलेल्यांनी सांगितलं, मग त्यांच्या शेजाऱ्यांनी. बघता बघता कबुलीजबाबांची अशी झुंबड उडाली की एकाचं दुसऱ्याला ऐकू येईना. आम्हीही ओतली, आम्ही तर पहिल्याच दिवशी अख्खं खोकं ओतलं! दृष्टी सुधारलेल्या गृहस्थांनी चष्मा पुसत पुसत ओतल्याचं सांगितलं. आजोबांनी बटणाचीही कबुली दिली. कुणालाच कमीपणा वाटत नव्हता, उलट जो तो पुढे घुसून सांगत होता, कारण न सांगणाऱ्याबद्दल बाकीचे काय समजणार हे उघड होतं.

शेवटी उरले चिटणीस. ते ताठ उभे होते. आपण लेखी दिलेल्या शब्दासारखे बोलल्या शब्दालाही पक्के आहोत, असं त्यांनी एकदा म्हणून बघितलं. मी प्यायलोच आहे, ते म्हणाले. यावर सगळी इमारत त्यांच्याकडे आणि मग मान वर करून त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघायला लागली. खिडकीत त्यांच्या बाईसाहेब उभ्या होत्या. त्यांनी वरूनच सांगितलं की घरात पाऊल ठेवायचं असेल तर आत्ताच्या आत्ता खरं बोला. चिटणीस बोलले.

सलून वाचलं. चिटणीसांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की अट केसांपुरती होती, केस निघालेला नाही, तेव्हा परवानगी कायम. त्याबरोबर त्यांनी एक नवा नियमही करून टाकला की यापुढे या इमारतीत कुणीही नळमामानं दिलेली खाण्यापिण्याची वस्तू स्वीकारू नये. नियमाला एकमतानं मंजुरी मिळाली. नळमामानंही हात वर केला. मग त्यानं पाइप धुऊन काढला, पाणी खळाळत गेलं, आणि मास्तरीणबाईंचं डोकं एकदाचं धुतलं गेलं. त्यानंतर सगळ्यांनाच इतकं ओशाळल्यासारखं झालं होतं की मामीपुढे केस कापून घ्यायला रांग लागली. रांगेत लोक नळमामाच्या पाठीवर हात ठेवून हळूच विचारत होते की मामा, तुम्ही खरंच प्यायलात? रोज?

गिऱ्हाइकं संपल्यावर दोघंच उरले. मामी टॉवेल पिळत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती. नळमामा खुर्चीत बसला. दिवसभरात त्याची अब्रू गेली होती, पण एका गोष्टीनं त्याचा ऊर भरून आला होता. आपल्या घरच्या सिंकचा पाइप त्यानं मघाशीच उघडून बघितला होता, आणि तो कोरा करकरीत होता.

“अगं, सगळ्या इमारतीनं ओतली,” तो म्हणाला. “माझ्यावर विश्वास ठेवून प्यायलीस ती तू एकटी.”

“मी कशाला पिऊ?” मामीनं टॉवेल झटकला. “सिस्टर बोलल्या तेव्हाच मी ओळखलं, हे पाण्यात फुगणारं. आणि सिंकमध्ये तरी कशी ओतू? पाइप तुंबला असता तर माझं सलून गेलं नसतं का?”

“मग कुठे घातलीस?”

“तुमच्या ग्लासात. तुम्ही डोळे मिटून नाक दाबायचात ना, तेव्हा माझे दोन चमचे तुमच्यात टाकायचे, आणि मी आपलं साधं पाणी प्यायचे.”

नळमामानं सावकाश पोटावर हात ठेवला. आतून गुडगुड झाली, आणि या खेपेला ती कुठून आली याबद्दल त्याला जराही शंका नव्हती.

“आणि मी तुंबलो असतो म्हणजे?”

“तुंबला असतात तर तुंबला असतात,” मामी दिवा मालवत म्हणाली. “तुम्हाला कुठे चिटणीसांची परवानगी लागते?”